मार्चमध्ये समुद्रावर भुसा कुठून येतो?

प्रश्न: आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. पावसाळ्यात समुद्र गढूळ असतो, थंडीत कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात आणि मार्च-एप्रिलात पाण्यावर भुशासारखा तपकिरी पट्टा तरंगतो. काका म्हणतात बोटींचं तेल आहे. खरंच का? आणि तेव्हा तिसऱ्या, कालवं खायची का?

उत्तर: तेल असतं तर रंगीबेरंगी तवंग दिसला असता ना, भुसा नाही. हे बहुतेक ट्रायकोडेस्मियम नावाचं सूक्ष्म शेवाळ. ते पाणी काचेच्या ग्लासात घेऊन थोडं थांबा, भुसा तळाला न बसता वर येतो कारण पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, आणि नीट बघितलं तर केसासारख्या तंतूंच्या जुड्या दिसतात. काटेकोर बोलायचं तर हे जिवाणूंच्या कुळातलं, पण सूर्यप्रकाशावर जगतं म्हणून शेवाळातच धरतात. मार्चमध्येच का, तर तेव्हा समुद्र शांत, वरचं पाणी तापलेलं, खालचं त्यात मिसळत नाही, त्यामुळे वरचं नायट्रेट (शेवाळाचं खतच म्हणा) संपतं आणि बाकीची शेवाळं उपाशी राहतात. हा पठ्ठ्या पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच वापरतो!

पावसात सगळं उलटं. नद्या गाळासोबत सिलिका आणतात, खालचं थंड खतावलेलं पाणीही वर येतं (केरळ-कर्नाटकाकडे जास्त, आपल्याकडे कमी), मग डायटम या सूक्ष्म शेवाळांची चंगळ, कारण त्यांचं कवचच सिलिकाचं. स्केलेटोनेमा हा त्यातला नेहमीचा, सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखा. पाणी गढूळ असेपर्यंत ऊन आत पोचत नाही, त्यामुळे पाऊस उघडला की खरी वाढ. तारलीचं पोट यांच्यावरच चालतं.

थंडीतली चमक बहुतेक नॉक्टिल्युकाची. एकच पेशी, पण साध्या डोळ्यांनी ठिपका दिसेल एवढी, आणि धक्का लागला की चमकते. ती डायटम खाते, म्हणजे आधीच्या पिकावर ताव मारायला आलेली पाहुणी म्हणा. उत्तर अरबी समुद्रात तिचा हिरवा प्रकारही भरपूर, त्याच्या पोटात हिरवं शेवाळ राहतं आणि त्याला आयतं जेवण मिळतं.

आता खाण्याचं. ताजा मासा बिनधास्त खा, पण पाण्याचा रंग बदललेला असताना किंवा मेलेले मासे किनाऱ्याला लागले असताना तिथल्या तिसऱ्या, कालवं नकोतच. ही मंडळी पाणी गाळून खातात, त्यामुळे डायनोफ्लॅजेलेट नावाच्या काही विषारी एकपेशी जीवांचं विष त्यांच्यात साठतं आणि ते उकळूनही जात नाही. 1997 मध्ये केरळात विळिंजमला शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) खाऊन माणसं दगावली होती.