गाठीचा रंग जांभळा का?

प्रश्न : रसायन टोचून उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी निर्माण करतात. त्यांतली एन्झाइम्स (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) कशी बदलतात?

उत्तर : स्ट्रेप्टोझोटोसिन या रसायनाचं उदाहरण घ्या. ते मधुमेह घडवतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींतलं डीएनएही ते बिघडवतं, हे मात्र विसरलं जातं. मला स्वतःला गोठवलेल्या ऊतीचा काप बघायला फार आवडतो. त्यावर ग्लुकोज-६-फॉस्फेट (पेशीतलं ग्लुकोजचं एक रूप), एनएडीपी हा एन्झाइमचा मदतनीस रेणू आणि टेट्राझोलियम (एन्झाइम काम करतं तिथे जांभळं होणारं रसायन) घातलं की गाठ गर्द जांभळी होते, शेजारच्या नलिका फिक्याच राहतात. म्हणजे गाठीत ग्लुकोज-६-फॉस्फेट वापरणारं एन्झाइम, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, वाढलेलं असतं. नव्या डीएनएसाठी लागणारी रायबोज साखर या एन्झाइमपासून सुरू होणाऱ्या वाटेनं मिळते. निरोगी नलिका ग्लुकोज बनवून रक्तात सोडतात. त्यासाठीचं दुसरं एन्झाइम, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज, गाठीत घटतं. नुसत्या जांभळ्या रंगावरून निदान मात्र करू नये.