जीवशास्त्रात संशोधन करत असताना उद्योजकता आणि नवोन्मेषाचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम घ्यावा का?

कंपनी काढण्याचा विचार नसताना हा अभ्यासक्रम घ्यावा का, आणि त्याने मूळ संशोधनावरचे लक्ष उडते असे आपले मार्गदर्शक म्हणतात त्यात तथ्य आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देते: घ्या, मात्र वर्गात आपल्या विषयाबाहेरची माणसे असतील तरच. दुसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण हेच वाक्य मी माझ्या मार्गदर्शकांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे आणि आमचा तो वाद कधी मिटला नाही.

मी पॉलिमर रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि जखमेवर लावायची एक पातळ फिल्म तयार केली होती. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर संसर्ग झालेली किंवा दीर्घकाळ न भरणारी जखम बहुधा अल्कधर्मी होते. त्यामुळे सामू वाढला की फिल्म पिवळ्याची हिरवी आणि पुढे निळी व्हावी, अशी योजना होती. त्यासाठी वापरलेला ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक सामू ६ ते ७.६ या टप्प्यात नेमका असाच रंग बदलतो. प्रयोगशाळेत फिल्म उत्तम चालत होती. अभ्यासक्रमातल्या आमच्या गटात नर्सिंगच्या पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी, कायद्याचा एक विद्यार्थी आणि व्यवस्थापनाचा एक विद्यार्थी होता. फिल्म हातात घेताच नर्सिंगच्या विद्यार्थिनीने विचारले की, स्यूडोमोनास या जिवाणूचा संसर्ग झाला की स्रावच हिरवट-निळा येतो, तेव्हा दिसणारा हिरवा रंग फिल्मचा की स्रावाचा, हे रात्रपाळीच्या परिचारिकेने मंद दिव्यात कसे ओळखायचे? शिवाय रंग पाहण्यासाठी ड्रेसिंग उचलावे लागणार, आणि ते वारंवार उचलणे हेच जखम भरण्याच्या आड येते.

ती आक्षेप घेऊन थांबली नाही. छटा ओळखायला लावूच नका, असे तिने सुचवले. स्राव एका अरुंद पट्टीतून ड्रेसिंगच्या कडेपर्यंत आणावा आणि रंग पट्टीवर कुठवर पोचला एवढेच बाहेरून वाचता यावे. हिरवा रंग स्रावाचा आणि लाल रक्ताचा म्हणून दोन्ही बाद झाले, आणि अखेर पिवळ्याचा जांभळा होणारा ब्रोमोक्रेसॉल पर्पल आम्ही घेतला. माझ्या विभागात आठवड्याच्या बैठकांना बसणाऱ्या एकाही तज्ज्ञाला हे सुचले नव्हते, कारण त्यांच्यापैकी कोणीही जखम कधी धुतली नव्हती.

पेटंटचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा मार्गदर्शकांचे म्हणणे असे पडले की, ही केवळ वापरकर्त्याची सूचना आहे, नर्सिंगच्या विद्यार्थिनीचे नाव ऋणनिर्देशात पुरेसे आहे. आणि अर्ज सावकाश होईल, आधी परिषदेत पोस्टर लावू. कायद्याच्या विद्यार्थ्याने दोन्ही मुद्दे खोडून काढले. शोधनिबंधाचा लेखक कोण हे विभागाच्या रिवाजावर ठरत असेल, पण पेटंटमधला संशोधक तोच, ज्याच्या डोक्यातून दाव्यातली कल्पना निघाली. अमेरिकी कायद्यानुसार खऱ्या सहसंशोधकाचे नाव वगळले आणि ती चूक दुरुस्त केली नाही, तर पेटंट अवैध ठरू शकते. पोस्टरचेही तसेच. बहुतेक देशांत अर्जापूर्वी केलेल्या प्रकटनाने पेटंटसाठी लागणारे नावीन्यच संपते. स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जनुके जोडण्याच्या तंत्रावरचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध केला आणि पेटंटचा अर्ज १९७४ मध्ये झाला. अमेरिकेत एक वर्षाची सवलत असल्याने तिथे निभावले, अन्य देशांतले हक्क मात्र गेले. केवळ अमेरिकी पेटंटांच्या परवान्यांतून संबंधित विद्यापीठांना पुढे २५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली, यावरून काय हातचे गेले याचा अंदाज करावा. हे सारे वकिलांचे काम आहे, आपले नाही, एवढेच मार्गदर्शकांचे उत्तर होते.

मी पोस्टर मागे घेतले आणि तिचे नाव अर्जात गेले. लक्ष उडण्याबाबत सांगायचे तर, त्याच पट्टीतून माझ्या प्रबंधाचे सर्वांत भक्कम प्रकरण निघाले. सच्छिद्र पट्टीतून द्रव चढतो तेव्हा कापलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हे वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडले होते. पट्टीतला बफर, म्हणजे सामू सहसा बदलू न देणारे द्रव्य, मध्ये आला की हे गणित कसे बदलते, हा प्रश्न मला त्या वर्गाबाहेर सुचलाच नसता. मौखिकीत परीक्षकांनी सर्वाधिक वेळ त्याच प्रकरणावर घालवला आणि मार्गदर्शक शेजारी गप्प बसून होते.

उद्योजकता रक्तात असावी लागते, ती शिकवता येत नाही, हे त्यांचे दुसरे आवडते वाक्य. गळा जन्मजात असतो म्हणून कोणी गाण्याची शिकवणी बंद करत नाही. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपीटर यांनी नवा शोध लागणे आणि तो व्यवहारात उतरवणे यांतला फरक १९११ मध्येच मांडला होता, आणि हार्वर्डमध्ये या विषयाचा वर्ग १९४७ पासून भरतो आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०११ मध्ये संशोधकांना उद्योजकता शिकवणारा आय-कोअर हा कार्यक्रम सुरू केला. त्यात गटाचे उद्योजकीय नेतृत्व बहुधा पदव्युत्तर विद्यार्थी किंवा पीएच.डी.नंतरचा संशोधक करतो, प्राध्यापक तांत्रिक बाजू सांभाळतात, आणि सुमारे सात आठवड्यांत संभाव्य वापरकर्त्यांच्या शंभरेक मुलाखती घ्याव्या लागतात. ही कामाची वाटणी अनेक मार्गदर्शकांना का रुचत नाही, ते मी सांगायला नको.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी, ज्या खरे तर आधीच सांगायला हव्या होत्या. सत्रभर व्यवसाय आराखडा लिहून शेवटी स्पर्धेत सादर करणे एवढेच जिथे चालते, तो अभ्यासक्रम घेऊ नका. त्या वेळात प्रयोग करा. प्रबंध सादर करायला वर्षाहून कमी वेळ उरला असेल, तर आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे, हे मी नाइलाजाने मान्य करते. विद्यार्थ्याच्या शोधावर संस्था किती हक्क सांगते, शिष्यवृत्तीवर असणाऱ्यांना वेगळे नियम आहेत का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या, कारण प्रत्येक संस्थेचे नियम निराळे असतात. आणि गट जमला की पहिल्या बैठकीपासून कोणती कल्पना कोणी मांडली याची दिनांकासह नोंद वहीत ठेवा, तिच्यावर गटातल्या सर्वांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत मार्गदर्शकांना त्याच दिवशी ईमेलने पाठवा.