पावसाच्या आकड्यांना गॅमा वितरण बसवताना लाइकलिहूड शून्य का येतं?

मुंबईतल्या सांताक्रूझच्या १० पावसाळ्यांचे जून ते सप्टेंबरचे रोजच्या पावसाचे आकडे घेऊन तुम्ही मॅक्झिमम लाइकलिहूडने (लाइकलिहूड म्हणजे हेच आकडे मिळण्याची शक्यता; ती सर्वात जास्त करणारा वक्र शोधायचा) गॅमा, म्हणजे मोठ्या आकड्यांकडे लांब शेपूट असलेला वक्र, बसवायला गेलात, तर लाइकलिहूड शून्य आणि लॉग घेतला की उणे अनंत. यात दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं किरकोळ. १२२ दिवस गुणिले १० म्हणजे १२२० आकडे. प्रत्येकाची घनता (वक्राची त्या आकड्यापाशी उंची) ०.०१ धरली तरी त्या सगळ्यांचा गुणाकार, म्हणजेच लाइकलिहूड, १० चा उणे २४४० वा घात होतो. संगणकाची नेहमीची दशांश संख्या १० च्या उणे ३०८ व्या घाताच्या आसपासच गुडघे टेकते आणि शून्य दाखवते. म्हणून गुणाकार करायचाच नाही, लॉगची बेरीज करायची. कमाल त्याच जागी सापडते.

खरं दुखणं कोरड्या दिवसांचं. गॅमाच्या सूत्रात पावसाचा लॉग येतो, आणि मुंबईत जुलैतही उघडीप असते. शून्याचा लॉग कुठून आणणार? एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी शहाणपणा करून शून्यांच्या जागी ०.०१ घातलं होतं. प्रोग्रॅम चालला, मी खूश. मॅडमनी एवढंच विचारलं, "०.०१ च का?" घरी येऊन ०.०००१ घालून पाहिलं तर शेप पॅरामीटर (गॅमाच्या वक्राचा आकार ठरवणारा आकडा) धाडकन खाली! माझं उत्तर पावसावर कमी आणि मी ठोकून दिलेल्या आकड्यावर जास्त ठरत होतं.

तुम्ही दोन तुकडे करा. एकूण दिवसांपैकी किती दिवस पाऊस पडला ते प्रमाण वेगळं काढा (नुसता भागाकार, पण तोही मॅक्झिमम लाइकलिहूडच), आणि गॅमा फक्त ओल्या दिवसांना बसवा. हवामान खात्याची २.५ मिमीची रेघ वापरणार असाल, तर त्याखालचा भाग कापलाय हे लाइकलिहूडलाही सांगावं लागतं: प्रत्येक घनतेला २.५ च्या वर असण्याच्या संभाव्यतेने भागा. हे बरेच जण विसरतात.

गॅमाच्या शेपचं थेट सूत्र नाही, पण थॉमचं १९५८ चं अंदाजी सूत्र सुरुवातीला झकास. समजा २, १० आणि ६० मिमी पडला. सरासरी २४, तिचा नैसर्गिक लॉग ३.१७८, तिन्ही लॉगांची सरासरी २.३६३. फरक 'अ' = ०.८१५. आता १ + (४अ/३) चं वर्गमूळ, त्यात १ मिळवा, ४अ ने भागा: शेप ०.७५. स्केल (वक्र किती पसरतो ते ठरवणारा दुसरा आकडा) म्हणजे २४ भागिले ०.७५, बरोबर ३२. इथून पुढे संगणकाला घासूनपुसून घेऊ द्या. सायपाय (पायथनची गणिती लायब्ररी) वापरत असाल तर लोकेशन, म्हणजे वक्र जिथून सुरू होतो तो आकडा, शून्यावर पक्कं करा, नाहीतर ते स्वतःच सरकवत बसतं.

आणि या गॅमाकडून सांताक्रूझच्या २६ जुलै २००५ च्या ९४४ मिमीची अपेक्षा ठेवू नका. शेकडो साध्या दिवसांनी त्याला आपल्याकडे ओढलेलं असतं, शेपटाकडे, म्हणजे दुर्मीळ मोठ्या आकड्यांकडे, बघायला कोणी उरत नाही. त्यासाठी दरवर्षीचा एकच सर्वात मोठा आकडा घेऊन गंबेल (अशा कमाल आकड्यांसाठीचं वितरण) बसवतात, पण तुमच्याकडे असे दहाच आकडे निघतील. कुलाब्याची मालिका खूप जुनी आहे, ती घ्यायचा मोह होईल. फक्त, त्या दिवशी कुलाब्याला १०० मिमीही पडला नव्हता. तेव्हा ती सांताक्रूझच्या नावावर खपवू नका.