पीकवर्तुळ चालेल, ‘अनाकलनीय’ मात्र नको

प्रश्न असा आहे : इंग्लंडमधल्या ‘क्रॉप सर्कल’वर, म्हणजे उभ्या पिकात रात्रीतून उमटणाऱ्या गोल आकृत्यांवर, आणि त्यांच्या मागे लागलेल्या हौशी संशोधकांवर मराठीत लेख लिहायचा आहे. ‘क्रॉप सर्कल’ला पीकवर्तुळ म्हणावे, पीकचक्र म्हणावे की शेतातले रिंगण? आणि ‘अनएक्सप्लेन्ड फिनॉमिना’साठी ‘अनाकलनीय घटना’ चालेल ना?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. पीकवर्तुळ लिहा, सलग लिहा, मध्ये जोडरेघ नको. पीकविमा, पीककर्ज, पीकपेरा यांच्या पंगतीत तो शब्द सहज बसतो. पीकचक्र लिहिलेत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ज्वारीनंतर हरभरा येईल. रिंगणाला कडेने माणसे लागतात. इथे तर माणसे रात्रीत काम उरकून पसार झालेली असतात.

पीकवर्तुळालाही एक आक्षेप घेता येतो. 1990च्या जुलैत इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या आल्टन बार्न्स गावी जी आकृती उमटली तिच्यात वर्तुळांची माळ होती आणि त्या वर्तुळांना किल्लीसारखे दाते फुटले होते. 1996 साली स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळासमोर गणितातल्या ‘जूलिया सेट’ची आकृती निघाली, 2001 साली मिल्क हिल या टेकडीवर 409 वर्तुळांची नक्षी. इंग्रजीतही मग ‘सर्कल’ अपुरे पडू लागले आणि ‘फॉर्मेशन’ आले. तुमच्या लेखात अशा आकृत्या असतील तर तिथे ‘पिकातली आकृती’ म्हणा. शीर्षकात पीकवर्तुळच ठेवा.

क्रियापद निवडताना मात्र डोळ्यांत तेल घाला. पीकवर्तुळात पीक कापलेले नसते, मोडलेले असतेच असेही नाही. ते लोळवलेले असते. वाऱ्यापावसाने गहू आडवा झाला की आपले शेतकरी ‘पीक लोळलं’ म्हणतात, तोच हा शब्द. हा फरक पाळला तर एक जुना घोळही सुटतो. 1678 सालचे हर्टफर्डशरचे एक चोपडे ‘जगातल्या पहिल्या पीकवर्तुळाची नोंद’ म्हणून नेहमी पुढे केले जाते. त्यातली कथा अशी : कापणीवाल्याने मजुरी फार सांगितली, शेतकरी चिडून म्हणाला की त्यापेक्षा सैतानाने माझे ओट कापलेले परवडले, आणि सकाळी पाहतो तर ओट कापून तयार! कापून, लोळवून नव्हे. मुखपृष्ठावरच्या चित्रात सैतानाच्या हाती चक्क लांब दांड्याचा विळा आहे. मराठीत लिहिताना ‘कापले’ लिहा, म्हणजे पुरावा आपोआप पातळ होईल.

‘खळे’ हा शब्द कुणी सुचवला तर मोह पडण्यासारखा आहे. मळणीची गोल जागा म्हणजे खळे आणि चंद्राभोवती पडते तेही खळेच. शिवाय कृतीही जुळते. तिवड्याला बांधलेले बैल जसे गोल फिरून कणसे तुडवतात, तसेच इथे केंद्राशी दोर धरून भोवती फळीने पीक दाबत जायचे. पण खळ्यात धान्य हाती येते, पीकवर्तुळात ते जाते. तेव्हा तो शब्द नको.

आता ‘अनाकलनीय’. इथे माझा ठाम विरोध आहे, आणि तो व्याकरणातून येतो. संस्कृतातून आलेली दोन प्रकारची विशेषणे आपण रोज वापरतो. ‘-नीय’ किंवा ‘-य’ लागलेली शक्यतेबद्दल किंवा योग्यतेबद्दल बोलतात : वाचनीय, अविस्मरणीय, अतर्क्य, असह्य. ‘-त’ किंवा ‘-इत’ लागलेली घडून गेलेल्या गोष्टीबद्दल : लिखित, अप्रकाशित, अनुत्तरित. अप्रकाशित कविता उद्या छापून येऊ शकते, अविवाहित माणसाचे उद्या लग्न ठरू शकते. अनाकलनीय गोष्ट मात्र उद्याही कळायची नाही. ती कळण्याजोगीच नाही, असा निकाल त्या शब्दाने आधीच दिलेला असतो. ‘अनएक्सप्लेन्ड’चा अर्थ एवढाच की अजून कारण सापडलेले नाही. अनाकलित हा नियमाने बरोबर शब्द होईल, पण तो कुणाच्या तोंडी नाही. ‘उलगडा न झालेल्या घटना’ लिहा. पोलीस ‘गुन्ह्याची उकल झाली नाही’ म्हणतात, ‘गुन्हा अनाकलनीय आहे’ म्हणत नाहीत.

आणि पीकवर्तुळांचा उलगडा बऱ्यापैकी झालेलाही आहे. साउथहॅम्प्टनचे डग बॉवर आणि डेव्ह चोर्ली हे दोन मित्र 1970च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रात्री शेतांत शिरून ही वर्तुळे काढत होते. फळी, दोर आणि रेषा सरळ यावी म्हणून टोपीला लावलेली तारेची कडी, एवढीच सामग्री. गाडी इतकी कुठे फिरते, असा बॉवर यांच्या पत्नीला संशय आला तेव्हा त्यांना घरी तरी खरे सांगावे लागले. जगाला त्यांनी सांगितले सप्टेंबर 1991मध्ये, ‘टुडे’ या वृत्तपत्रातून. त्याआधी त्यांनी मुद्दाम केलेली एक आकृती पॅट डेल्गाडो या नावाजलेल्या वर्तुळ-संशोधकाने अस्सल ठरवली होती. त्या काळातल्या टेरेन्स मीडन या हवामान-अभ्यासकाने वर्तुळांचे कारण वावटळीत शोधले होते. साध्या वर्तुळापुरता तो तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. पण किल्लीचे दाते पाडणारी वावटळ कुणी पाहिली आहे?

म्हणून ‘गूढ’ या शब्दाला मी हरकत घेणार नाही. तो ‘गुह्’ या धातूपासून आला आहे, गुहा आणि गुह्य यांचा सख्खा भाऊ. त्याचा मूळ अर्थ ‘लपवलेले’. या प्रकरणात कुणीतरी लपवलेच होते! आजच्या मराठीत त्याला धुक्याचा वास येतो हे खरे, म्हणून एखाद्या वेळीच वापरा.

संशोधकांच्या नावांकडे येऊ. पीकवर्तुळांच्या अभ्यासाला त्यांनी सेरेस या रोमन धान्यदेवतेवरून ‘सेरिऑलजी’ असे भारदस्त नाव दिले. त्याचे ‘पीकवर्तुळशास्त्र’ करू नका. मराठीत ‘शास्त्र’ शेपटीला लावले की फुकटचे प्रमाणपत्र मिळते, आणि अशी प्रमाणपत्रे आपण आधीच पुष्कळ वाटली आहेत. ‘सेरिऑलजी’ तसेच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या. ‘क्रॉपी’ म्हणवणाऱ्या चाहत्यांना वर्तुळवेडे म्हणायला हरकत नाही. ‘हौशी संशोधक’ हा तुमचा शब्द मोजमापे घेणाऱ्या, विमानातून फोटो काढणाऱ्या, नोंदवह्या ठेवणाऱ्या मंडळींना शोभतो. सरसकट सगळ्यांना नको, कारण उन्हाळ्यात विल्टशरला जमणारी गर्दी आपल्या जत्रेसारखीच हौशे, नवशे आणि गवशे अशी तिन्ही जातींची असते. वर्तुळात बसून ध्यान लावणारे नवशे. गवशांत सहली काढणारे येतात, आणि फाटकाशी पैशाचा डबा ठेवणारे काही शेतकरीही. त्यांना मात्र मी दोष देणार नाही.

तुम्ही न विचारलेला एक शब्द राहिला : ‘होक्स’, म्हणजे लोकांना चकवण्यासाठी रचलेला खोटा प्रकार. बॉवर-चोर्लींच्या उद्योगाला फसवणूक म्हटले की पैशाचा व्यवहार आठवतो. बनाव म्हटले की गुन्हा झाकण्याचा प्रयत्न. त्यांच्यासाठी ‘खोडी’ नेमका आहे. त्यांनी तज्ज्ञांची खोडी काढली. शेतमालकाच्या बाजूने लिहीत असाल तर मात्र ‘नासधूस’च लिहा, कारण लोळलेल्या गव्हावरून कापणीचे यंत्र नीट फिरत नाही आणि बघ्यांच्या पायांखाली उभा गहूही जातो.