कापलेलं आधी शोध

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘कोलबर्ग’ बघताना डोळ्यांत पाणी आलं, मग हा हिटलरच्या प्रचारमंत्र्यानं, गोबेल्सनं, बनवून घेतलेला प्रचारपट आहे हे आठवून स्वतःचीच शिसारी आली, आणि आता तुझ्या किल्ल्याच्या पटकथेवर हातच चालेना, असं लिहितोस. अरे, रडलास तर रडलास! हाइनरिश गेओर्गेसारखा कसलेला नट सेनानीपुढे गुडघे टेकून, गाव शत्रूच्या हवाली करू नका म्हणून विनवतो. तिथे कुणीही रडावं म्हणूनच तो प्रसंग रचलाय. नाझी कोण होते हे मी तुला सांगत बसणार नाही. मला एवढंच विचारायचंय की जे दिसलं त्यावर रडलास, पण जे कापलं त्याची चौकशी केलीस का?

माझा सगळा जन्म संकलनाच्या टेबलापाशी गेला, म्हणून मला हा एकच प्रश्न येतो. तुला कंटाळा आला तरी मी तोच विचारणार.

कोलबर्गचंच घे. १८०७ साली नेपोलियनच्या फौजांनी प्रशिया या जर्मन राज्यातल्या, बाल्टिक किनाऱ्यावरच्या या गावाला वेढा घातला. नेटेलबेक हा म्हातारा दर्यावर्दी आणि ग्नाइझेनाउ हा सेनानी, दोघांनी गाव लढवलं. इथवर सगळं खरं. सिनेमात गावाच्या चिवटपणापुढे फ्रेंच हात टेकतात. प्रत्यक्षात तोफा थांबल्या त्या युद्धबंदी झाली म्हणून, आणि पाठोपाठ जुलैतल्या तिलसितच्या तहात प्रशियानं जवळजवळ अर्धं राज्य घालवलं. गावकऱ्यांची जिद्द कुणी नाकारत नाही. पण तेवढा एक तह कापला आणि हरलेल्या युद्धाचा विजय झाला. संकलक म्हणून सांगते, कट सफाईदार आहे. सांधा दिसतसुद्धा नाही.

आणि ही कात्री कथेवरच थांबली नाही. १ जून १९४३ ला गोबेल्सनं दिग्दर्शक फाइट हार्लानला लेखी आदेश दिला: घर आणि रणांगण एक झालं की कुठलाही शत्रू नमतो, हे या गावाच्या उदाहरणावरून दाखव. याच वेढ्यावर पाउल हायझेचं जुनं नाटक होतं. सिनेमानं त्यातून पुष्कळ उचललं, पण श्रेयनामावलीत हायझे नाही. त्याला नोबेल मिळालेलं, तरी आई ज्यू घराण्यातली ना! सिनेमा तयार झाल्यावर मरणाची, विध्वंसाची अंगावर येणारी दृश्यं गोबेल्सनंच काढायला लावली. मरायला तयार व्हा असं सांगणाऱ्या सिनेमात मरण मात्र फार दिसायला नको! सुमारे ८० लाख राइशमार्क, आग्फाकलर या जर्मन रंगीत फिल्मवरचे झगझगीत रंग, आणि गर्दीसाठी खरे सैनिक. हार्लान नंतर १,८७,००० सैनिकांचा आकडा फेकायचा. अभ्यासक तो मानत नाहीत. पण देश बुडत असताना सैनिक कॅमेऱ्यापुढे उभे केले, हे खरंच.

३० जानेवारी १९४५ ला, हिटलरच्या सत्ताग्रहणाच्या बाराव्या वाढदिवशी, सिनेमा बर्लिनमध्ये लागला. त्याच दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्यावर ला रोशेलमध्ये वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैनिकांनाही दाखवला. तिथे त्याची प्रिंट विमानातून पॅराशूटनं टाकली होती. वेढ्यातल्या माणसांना वेढ्याचा सिनेमा! दीड महिन्यानं, १८ मार्चला, खरं कोलबर्ग सोव्हिएत आणि पोलिश फौजांच्या हाती पडलं. हजारो माणसं बोटींतून पळाली होती, गावाचा ढिगारा झाला होता. ती बातमी लष्करी वार्तापत्रात येऊ नये याची तजवीज गोबेल्सनं केली, कारण सिनेमाचा परिणाम बिघडला असता. म्हणजे शेवटी आख्खं गावच कापलं. आता सांग, तू कुठे रडलास हा प्रश्न मोठा, की हा?

जर्मनीत हा सिनेमा आजही अभ्यासकाच्या प्रास्ताविकाशिवाय सहसा दाखवत नाहीत. मला प्रास्ताविकांचं फार कौतुक नाही. १९६०च्या दशकात तिकडे कुणीतरी त्यात युद्धाची खरी चित्रणं मधेमधे घालून तो दाखवला होता. हे मला जास्त पटतं. कापलेलं परत जोडा आणि लोकांना बघू द्या.

मला हेकेखोर म्हणतात ते असल्याच गोष्टीवरून. एका संस्थेसाठी पुनर्वसनाचा माहितीपट कापत होते. नव्या घरांच्या रांगा, फीत कापणारे पाहुणे, हसणारी पोरं. रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या कच्च्या चित्रणात, एक म्हातारी होती. ओट्याशी येते, नळ सोडते, पाणी येत नाही. थोडं थांबते आणि तोटी परत घट्ट बंद करते, पाणी वाया जाऊ नये म्हणून. मी तो शॉट ठेवला. काढा म्हणाले, नाही काढला. मग माझं काम काढून घेतलं आणि दुसऱ्याकडून शॉट काढून घेतला. काम गेल्याचं मला काही नाही. तो फिल्मचा तुकडा मी घरी आणला नाही, ही चुटपुट मात्र अजून आहे. पुढे असली कामं येईनाशी झाली. स्वतःचा सिनेमा का केला नाहीत, असं तुम्ही मुलं माझ्यामागे बोलता, तेही माझ्या कानावर येतं. पैसा देणारा कात्रीही हातात मागतो, आणि ती मी कुणाला दिली नाही. एवढंच कारण. घाबरले वगैरे काही नाही. बरं, ते असो.

तुझा खर्डा वाचला. भाषा छान आहे, घोड्यांचा प्रसंग तर फारच. पण एवढे महिने वेढा चाललाय आणि तुझ्या किल्ल्यात कुणाला भूक लागत नाही, जुलाब होत नाहीत, मेलेल्यांना कुठे पुरतात ते कळत नाही. आणि ‘दरवाजा उघडू या’ म्हणणारा एकुलता एक माणूस तू भित्रा आणि फितूर केलास. हार्लाननं हेच केलंय. ल्युकाडू हा आधीचा किल्लेदार त्यानं असाच नेभळट रंगवला, म्हणजे त्याचं कुणी ऐकूनच घेऊ नये. तुझ्याकडे तर गोबेल्स नाही, मग ही कात्री कुणी चालवली? तूच ना?

पटकथा सोडून देऊ नकोस, उगाच नाटकं नकोत. त्या माणसाला दोन पोरं दे, कोठारात उरलेल्या धान्याचा हिशेब त्याच्याच तोंडी घाल, आणि तो बरोबर असू दे. मग किल्लेदार त्याला काय उत्तर देतो ते लिही. उत्तर सुचलं नाही तर सुचलं नाही असंच लिहून पाठव, पण महिनाअखेरच्या आत. नंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, काही दिवस वाचता येणार नाही.

तुझी,
ताई