बाबांचा बिनसेलचा रेडिओ

प्रश्न : माळा आवरताना बाबांनी १९७८ साली जोडलेला क्रिस्टल रेडिओ सापडला. कॉइल, गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवतात तो) सगळं शाबूत, फक्त डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) तुटलेला. दुकानातून १एन४००७ नंबरचा डायोड आणून लावला, मोबाइलचे इअरफोन जोडले पण काहीच ऐकू येत नाही. टाकून द्यायचा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अहो टाकताय कुठे! बाबांच्या हातचं सोल्डरिंग आहे ते, जपून ठेवा. तुमचा डायोड सिलिकॉनचा आहे, तो साधारण ०.६ व्होल्टला उघडतो आणि या रेडिओला ना सेल ना वीज, एरियलमधून जी चिमूटभर ताकद येते त्यावरच सगळा खेळ, त्यामुळे जर्मेनियमचाच डायोड लागतो, १एन३४ए किंवा जुना ओए७९, तो ०.२ च्या आसपासच वाहायला लागतो. बुधवार पेठेत जुन्या पार्टवाल्यांकडे विचारून बघा, काचेची इवलीशी नळी असते, आतली बारीक तार दिसते. त्याचे पाय, म्हणजे टोकांच्या तारा, मुळाशी वाकवू नका, काच तडकते.

इअरफोनही बदला, मोबाइलचे कमी रोधाचे, ३२ ओहमवाले चालणार नाहीत, जुना क्रिस्टल इअरपीस हवा, त्याला समांतर ४७ के (किलोओहम) चा रेझिस्टर लावा. गच्चीवर १५-२० मीटर वायर ताणा, विजेच्या तारांपासून लांब हं, आणि ढग गडगडायच्या आधीच काढून ठेवा. अर्थिंगही नीट हवं. मग रात्री गँग हळूहळू फिरवा, ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लागायला हवं. लागलं की आधी बाबांच्या कानाला लावा, आणि आम्हाला नक्की कळवा!