मे महिन्यात किनारा आणि घाट दोन्ही करायचे, तर बेत कसा आखावा?

तुम्ही विचारलंय, ‘मे महिन्यात पुण्याहून पाच दिवस कोकण किनारा आणि घाट असं गाडीने फिरायचंय, रूट कसा ठरवू?’ आणि मध्येच एक ओळ टाकलीय, ‘गाडी मी चालवणार, पण सासरे म्हणतात घाटात अनुभवी माणूस हवा, ड्रायव्हर घ्या.’ बाकीच्यांनी रूट, हॉटेलं, मासे सगळं लिहिलंय. त्या मधल्या ओळीला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहायला बसले.

‘अनुभवी माणूस’ काय असतो ते मी अणुस्कुरा घाटात बघितलंय.

मे महिन्याचीच गोष्ट. राजापूरच्या पुढे घरचं लग्न होतं. कोल्हापूरहून आम्ही पाचजण आमच्या साध्या पेट्रोल गाडीत: मी, नवरा, मागे सासूबाई, जाऊबाई आणि मोठे दीर. डिकीत आहेराच्या बॅगा कोंबलेल्या. मलकापूर ओलांडून घाटमाथ्यापर्यंत मी चालवली, कोणाची तक्रार नव्हती. माथ्यावर चहाला थांबलो आणि भाऊजींनी किल्लीसाठी हात पुढे केला. ‘आता मी घेतो, घाट आहे.’ मी नवऱ्याकडे बघितलं, तो कपाकडे बघत होता. दिली किल्ली.

पहिल्याच उतारावर भाऊजींनी गिअर काढला. न्यूट्रल. ‘पेट्रोल वाचतं, गाडी आपोआप जाते.’ अणुस्कुरा अरुंद आहे, उतार सलग आहे आणि वळणं अंगावर येतात. गाडी भरलेली. दर वळणाच्या आधी ब्रेक, वळण संपलं की सोड, परत ब्रेक. चार-पाच वळणांनंतर जळका वास यायला लागला. मी म्हटलं, ‘भाऊजी, वास येतोय.’ ते म्हणाले, ‘पुढे ट्रक असेल.’ पुढे ट्रक नव्हता. पुढे एक म्हैस होती, ती रस्त्याच्या कडेने शांतपणे चालली होती, आणि तिला चुकवायला त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा गाडी हवी तशी थांबलीच नाही. त्यांची मांडी ताणलेली मला दिसत होती, म्हणजे पाय पूर्ण जोर लावून होता. गाडी मंदावत होती, थांबत नव्हती. मग त्यांनी कसाबसा दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, हँडब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या चरात डावं चाक घालून गाडी उभी राहिली. म्हैस निघून गेली.

पुढच्या चाकांतून धूर येत होता. भाऊजी उतरले आणि पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाले. तेवढ्यात खालून एसटी वर येत होती. ड्रायव्हरने बस थांबवली, खिडकीतून डोकं काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘न्यूट्रल मारली हुती काय?’ कोणी उत्तर दिलं नाही. ‘पानी नगा मारू त्येच्यावर, डिस्क वाकंल. निवू द्या तशीच. आन् ज्या गिअरला चढतीय त्याच गिअरला उतरवायची असती, एवढं ध्यानात ठेवा.’ बस गेली.

सावलीत बसून राहिलो. कोणी कोणाशी बोलेना. चाकं हाताला सोसवतील इतकी निवली तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, ‘आता तिला चालवू दे.’ मी दुसऱ्या गिअरला गाडी टाकली आणि खाली पाचलपर्यंत ब्रेकला फक्त वळणाच्या तोंडाशी पाय लावला. भाऊजी मागून सांगत होते, ‘इंजिन फाटेल, केवढा आवाज करतंय.’ इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत होतं, त्याला काहीही होत नव्हतं.

तर तुमच्या सासऱ्यांना माझ्यातर्फे सांगा: घाटात अनुभव म्हणजे किती वर्षं गाडी चालवली हे नव्हे. कित्येक माणसं एकच चुकीची सवय तीस वर्षं मुरवतात आणि तिला अनुभव म्हणतात.

आणि ते पेट्रोल वाचवण्याचं खूळ आता तरी सोडा. हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनला इंधन मिळणंच बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलीत तर मात्र इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी पेट्रोल पीत राहतं. म्हणजे न्यूट्रलला पेट्रोल जास्त जातं. न्यूट्रलला पेट्रोल वाचतं हे कार्ब्युरेटरच्या काळातलं गणित आहे, त्या गाड्या गेल्या, गणित राहिलं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला किंवा ‘एल’ला, म्हणजे खालच्या गिअरला, टाका. इलेक्ट्रिक असेल तर माथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरून उतरू नका, कारण उतारावर ती चाकांतून वीज बनवून स्वतःचा वेग आवरते, भरलेल्या बॅटरीत ती वीज घ्यायला जागा नसते आणि गाडी स्वतःहून आवरणं कमी होतं.

आता रूट.

पाच दिवसांत रेवस ते रेडी, म्हणजे सागरी रस्त्याचं एक टोक ते दुसरं, होत नाही. कोणी केलं म्हणाला तर त्याने रस्ता बघितला, किनारा नाही. सागरी रस्त्यावर तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरा. मध्ये गावं येतात, गाई येतात, समोरून एसटी आली की एकाला मागे जावं लागतं. म्हणून अर्धाच किनारा घ्या. आणि माझं ठाम मत, दक्षिणेकडून उत्तरेकडे या. आपण डाव्या बाजूने चालतो. वर येताना समुद्र डाव्या हाताला राहतो, वाटलं तिथे कडेला घेता येतं. उलटे गेलात तर प्रत्येक वेळी समोरची वाहतूक कापून पलीकडे जावं लागतं.

पुण्याहून सोपा अर्धा म्हणजे उत्तरेचा. कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्लीने उतरा, चिपळूणवरून गुहागर. गुहागरहून धोपावे, तिथे फेरीबोटीत गाडी घालायची आणि पलीकडे दाभोळ. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात, रस्त्याने गेलात तर चिपळूणला वळसा. मॅप कधी कधी तो वळसाच दाखवतो, ऐकू नका. मग दापोली, हर्णै, आंजर्ले, केळशी, वेसवीला पुन्हा बोट, बागमांडल्याला उतरलात की हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर. परत चढायला माणगावहून ताम्हिणी. दक्षिणेचा अर्धा हवा असेल तर आंबोलीने उतरून सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग असं वर या आणि गगनबावड्याने किंवा आंबा घाटाने चढा. अणुस्कुऱ्याने चढायलाही हरकत नाही. चढायला तो फार सुंदर आहे.

तारखा ठरवताना सगळे सुट्ट्या बघतात, तुम्ही तिथी बघा. किनाऱ्यावरचे लोक जो हिशोब करतात तो असा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ, घड्याळात दिवसातून दोनदा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. शुक्ल काय, कृष्ण काय, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, तेवढा सोडा. याचा उपयोग असा की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती भर दुपारी आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी येते. मे महिन्यात दुपारी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, पाय ठेवता येत नाही, तेव्हा समुद्र वर आला काय नि नाही काय. सकाळ-संध्याकाळ मात्र लांबच लांब ओली पुळण मिळते. अष्टमीला नेमकं उलट. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करणार असाल तर ती ओहोटीलाच करायची. खडकांमधली ती वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. उधाणाच्या दिवशी तर फोटोसाठीही रेंगाळू नका.

गाडी पुळणीवर नेऊ नका हे लिहायची गरज पडू नये, पण दर सुट्टीत कोणाची तरी चाकं वाळूत रुततात, भरती चढते आणि ट्रॅक्टरची शोधाशोध होते. शिवाय खारं पाणी गाडीच्या पोटाला लागलं की वर्षभराने कळतं.

उन्हाचं म्हणाल तर किनारा तापतो त्यापेक्षा चिपळूण, महाड ही आतली गावं जास्त तापतात. किनाऱ्यावर दुपारनंतर खारा वारा सुटतो, आत तो पोचेपर्यंत जीव जातो. सकाळी सहाला निघा, अकराला गाडी सावलीत लावा. घाट दुपारच्या आधी चढा. मे महिन्यात घाटमाथ्यावर चार वाजता ढग भरतात आणि वळीव आला की पहिली दहा मिनिटं वाईट. रस्त्यावरची धूळ आणि तेल भिजून निसरडं होतं. चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, खिडक्या उघडा, माणसं मरत नाहीत. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे, उपकार नव्हेत.

मेचा शेवटचा आठवडा टाळा. जंजिरा, सिंधुदुर्गच्या होड्या पावसाळ्यासाठी तेव्हा बंद व्हायला लागतात, हापूसही सरत आलेला असतो. 2025 मध्ये तर पाऊस 25-26 मेलाच कोकणात हजर झाला होता. 1 जूनपासून मासेमारी बंद, मग ताटात काय येईल ते येईल. फेरीबोटीला शनिवार-रविवारी रांग लागते, शेवटची बोट कितीची ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. घाट कामासाठी किंवा दरडीमुळे बंद नाही ना, हेही निघायच्या दिवशी बघा. टाकी तालुक्याच्या गावाला भरून घ्या. घाटात रेंज जाते, मॅप आधीच उतरवून ठेवा.

हो, आणि मी वर एवढं बोलले तरी ड्रायव्हर घेणं चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. तुम्ही याआधी घाट कधीच चालवला नसेल, तर पहिला घाट भरलेल्या गाडीने, मे महिन्यात, मागच्या सीटवर सासरे बसलेले असताना करू नका. एखाद्या रविवारी सकाळी एकटीने किंवा मैत्रिणीला घेऊन ताम्हिणी उतरून चढून या. दुसऱ्या गिअरला गाडी स्वतःला कशी धरते ते पायाला कळलं की झालं. आणि सासऱ्यांना चालवायची हौस असेल तर माणगावच्या आसपासचा महामार्ग द्या.

गाडी निघण्याआधी दाखवून घ्या: ब्रेकचे पुढचे पॅड, मागचे लायनर, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 3 प्रतीचं ऑइल नवीन असताना निदान 205 अंशांना उकळतं, पाणी मुरलं की 140 पर्यंत खाली येऊ शकतं. दोन वर्षांनी बदलायचंच. आमचे भाऊजी आजही प्रत्येक कार्यात सांगतात की अणुस्कुऱ्याला ब्रेक लागले नाहीत कारण ‘हिने ऑइल जुनं ठेवलेलं’. ऑइल उकळलं असतं तर पेडल मऊ होऊन खाली गेलं असतं. त्यांचं पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबत नव्हती, म्हणजे पॅड तापून पकड गमावून बसले होते. नंतर गॅरेजवाल्याने काढून दाखवले, वर काचेसारखी चकाकी आली होती. आणि ऑइल त्याच वर्षी एप्रिलमध्ये बदललेलं होतं. बिल आहे माझ्याकडे, पुढच्या कार्याला पर्समध्ये घालून नेणार आहे.